विकणे आहे, पण तुम्हाला नाही

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवण्यात माझ्या साडूंचा हात धरील असा दुकानदार अख्ख्या खानदेशात आजवर झाला नाही आणि पुढेही होईल असं वाटत नाही. दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावच्या राहत्या घरातून जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचा धंदा सुरू केला. धंदा म्हणजे मोबाईलवर. जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर तबकडीचा फोटो टाकायचा, खाली माहिती लिहायची, कुणी विचारलं की भाव ठरवायचा आणि कुरिअरने पाठवून द्यायची. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या साडू अगदी मन लावून चढायचे. तिसरीवर त्यांचा श्वास अडकायचा, आणि चौथीपर्यंत पोचल्याचं मी फार क्वचित पाहिलं.

जगात प्रत्येक विकणारा आपल्या मालाची तारीफ करतो. साडू मालाची बदनामी करायचे, तीही स्वच्छ, शुद्ध मराठीत. "दुसरी बाजू, तिसरं गाणं: सुरुवातीला खरखर आहे. मला तिची सवय झाली आहे, तुम्हाला होईलच असं नाही. पाकिटावरचा चहाचा डाग आधीच्या मालकाचा. आमच्या घरी तबकडीजवळ चहा पीत नाहीत." त्याच्या जोडीला तबकडी वाजतानाचा व्हिडिओ. एकदा त्यात गाणं ऐन रंगात आलेलं असताना अक्कांच्या कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची पत्नी. साताऱ्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, "शिट्ट्या तबकडीत आहेत का?" साडूंनी उत्तर लिहिलं, "नाहीत. वरणात आहेत." गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

जे या माहितीलाही पुरून उरायचे, त्यांची मग फोनवर मुलाखत व्हायची. आमच्या घराण्यात मुली देताना इतकी चौकशी झालेली नाही. घरात लहान मूल आहे का? असल्यास रांगतं की चालतं? खिडकी पश्चिमेला आहे का? प्लेअर कोणता? नाशिकच्या एका तरुणाने भाबडेपणाने सांगितलं, की त्याच्याकडे सुटकेससारखा दिसणारा नवा छोटा प्लेअर आहे. "अहो, ती पेटी तबकडी वाजवत नाही, खरवडते," साडू कळवळून म्हणाले. "आधी नीट प्लेअर घ्या, मग फोन करा. तबकडी कुठे पळून जात नाही." एका हॉटेलवाल्या बाईंनी डझनभर तबकड्या एकदम मागितल्या तेव्हा साडू क्षणभर हरखले. मग कळलं, की त्या भिंतीवर खिळ्याने ठोकायच्या होत्या. साडूंनी फोन ठेवला आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

होळी झाली की दुकान बंद. साइटवर पाटी लागायची: "उन्हाळ्यात तबकड्या पाठवल्या जाणार नाहीत. चौकशी पाऊस स्थिरावल्यावर करावी." पुण्याच्या एका माणसाने हुज्जत घातली, की आमच्याकडे इतकं ऊन नसतं. साडू म्हणाले, "तुमच्याकडे नसेल, पण ती निघणार जळगावहून. कुरिअरच्या गाडीत दुपारभर राहिली, तर तुमच्या हातात पापड पडेल." घरात एकच कूलर होता, आणि तो तबकड्यांच्या खोलीत होता. माणसं हॉलमध्ये पंख्याखाली घामाघूम व्हायची आणि तबकड्या वाळ्याच्या गारव्यात उभ्या असायच्या. मे महिन्यात मी साडूंकडे गेलो की ते हळूच विचारायचे, "पाव्हणे, नवीन तबकडी बघता का?" मी गाण्यातला औरंगजेब आहे. तरी दर वेळी हो म्हणायचो आणि त्या खोलीत तासभर बसायचो.

विक्री अशी असली तरी खरेदी मात्र जोरात होती. तीही चोरून, आणि या पापात मी सामील. साडूंची पार्सलं माझ्या पत्त्यावर यायची. संध्याकाळी फिरायला निघाल्याचा बहाणा करून ते यायचे, पार्सल शर्टाच्या आत पोटाशी धरायचे आणि छाती काढून घरी जायचे. चौकोनी पोटाचा माणूस अक्कांना तीस वर्षांच्या संसारात ओळखू येणार नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. शिवाय पार्सल आमच्या दारात आलं, की माझी बायको आधी बहिणीला फोन करायची आणि मग कुरिअरवाल्याला सही द्यायची. अक्कांना सगळं माहीत होतं. त्या बोलायच्या नाहीत, कारण लपवायचं काही असलं की नवरा दोन दिवस भाजी निमूट खातो, हे त्यांनी ताडलेलं होतं.

पण गेल्या मार्चमध्ये त्यांच्या मुलीचा बाळंतपणासाठी माहेरी यायचा दिवस ठरला, आणि अक्का बोलल्या. ऐन उन्हाळ्यात बाळंतीण येणार. कूलरची खोली तिला हवी. शांतपणे चाललेलं त्यांचं प्रमाण मराठी मध्येच सुटलं आणि माहेरची, धुळ्याकडची अहिराणी बाहेर आली. "बठ्ठं घर ह्या तव्यास्नी भरी टाकं! नि यासवर कळण्यानी भाकर बी व्हत नही!" तबकडीला त्या तवा म्हणायच्या, आणि भाकरी न होणारा तवा त्यांच्या लेखी केवळ अडगळ होती. साडूंनी मान डोलावली. निम्म्या तबकड्या महिनाभरात विकतो, असं कबूल केलं. मुलीच्या सुखापुढे त्यांनी उन्हाळ्याचा नियमही मोडला. महिना संपला. एकही गेली नव्हती. शेवटचं गिऱ्हाईक त्यांनी घरात मांजर आहे म्हणून परत पाठवलं होतं.

मग साडू दोन दिवसांसाठी भुसावळला एका मित्राच्या नातवाच्या मुंजीला गेले, तेव्हा दोघी बहिणींनी सूत्रं हाती घेतली. माझ्या बायकोच्या फोनवरून नवं खातं उघडलं. मी बघत होतो, पण माझी मदत कुणी मागितली नाही. अक्कांनी मजकूर सांगितला: "जुने तवे विकणे आहेत. वाजतात. लवकर न्या." फोटो पटापट काढले, काही पाकिटांच्या पाठीकडूनच. मुलाखत नाही, चौकशी नाही. जो मागेल त्याला. पॅकिंगसाठी सावद्याच्या चुलतभावाकडून आलेले केळीचे खोके होतेच. दोन दिवसांत बावीस तबकड्या गेल्या. पुढे एका गिऱ्हाइकाने लिहिलं, "तबकडी उत्तम आहे. केळी मात्र मिळाली नाहीत."

साडू परतले. अर्धं रिकामं कपाट बघून ते आरडाओरडा करतील या तयारीने आम्ही तिघं बसलो होतो. त्यांनी एकेक पाकीट पुढे-मागे केलं, एकदा सगळं पुन्हा तपासलं आणि म्हणाले, "चांगलं झालं. खोली मोकळी झाली." एवढंच. पुढचे चार दिवस ते बोललेच नाहीत. भाजीला नाव ठेवलं नाही, पेपर आधी मिळाला नाही म्हणून कुरकुरले नाहीत. पाचव्या दिवशी अक्कांचा मला फोन आला. "भाऊजी, तुम्ही या. हे भांडत नाहीयेत. मला भीती वाटायला लागलीय."

मी साडूंना फिरायला म्हणून मेहरूणच्या तलावाकडे नेलं. पाण्याकडे बघत ते म्हणाले, "सनईची एक होती हो. बाकी एकवीस गेल्या तर जाऊ देत." मग खालच्या आवाजात सांगू लागले. अक्कांना बघायला ते धुळ्याला गेले, तेव्हा गाडी वेळेआधी पोचली होती. धीर सुटत होता म्हणून ते वाटेतल्या एका रेडिओच्या दुकानात शिरले, आणि नुसतं बाहेर कसं पडायचं म्हणून एक तबकडी विकत घेतली. तीच मांडीवर धरून ते मुलगी बघायला बसले. "घरी प्लेअर नव्हताच. तो पुढे दोन वर्षांनी घेतला. पण सुरुवात तिच्यापासून."

"मग अक्कांना सांगा की!"

"कशाला? तिला वाटेल, मी बोल लावतोय. पोरगी यायची आहे. आनंदात राहू दे तिला."

मी बायकोला सांगितलं. बायकोने अक्कांना किती मिनिटांत सांगितलं, याचा हिशेब मी ठेवला नाही. अक्कांनी पत्ता शोधला. तबकडी धुळ्यालाच गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या माझ्या गाडीत मागे बसलेल्या होत्या, आणि साडू पुढच्या सीटवर, मांडीवर आपला जुना प्लेअर घेऊन. नव्या मालकाने तबकडीची काय दशा केलीय, हे तिथल्या तिथे वाजवून बघायचं होतं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. मधूनच अक्का म्हणायच्या, "भाऊजी, यांना विचारा, पाणी हवं का." आणि साडू मला म्हणायचे, "नको म्हणा."

धुळ्याच्या नंबरवाल्या गल्ल्यांपैकी एकीत कापडाचं मोठं दुकान होतं, वर घर. नवा मालक म्हणजे ऐंशीच्या पुढचे एक मारवाडी शेठजी. कानाचं यंत्र त्यांनी उशाशी काढून ठेवलेलं, त्यामुळे साडूंनी वाटेत घोकलेलं सगळं भाषण गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात करावं लागलं. शेठजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही विकली. मी घेतली. आता परत का?"

साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या प्रश्नावर खाली मान घातली. अक्का पुढे झाल्या, त्याही आवाज चढवून. "चूक माझी शे, आबा. मी यास्ले इचारं नही."

अक्कांची भाषा ऐकून शेठजी सैल झाले. त्यांनी गादीखालून तबकडी काढली. ती त्यांनी एकदाही वाजवली नव्हती. घरात प्लेअरच नव्हता. त्यांनी पाकिटाची पाठ आमच्यापुढे धरली. कोपऱ्यात जांभळ्या शाईचा पुसट शिक्का होता, रेडिओच्या दुकानाचा. अक्कांनी चुकून पाठीचा फोटो काढला आणि शेठजींच्या नातवाने तो आजोबांना दाखवला होता. "खाली आता कापड शे, तठे आमनं रेडिओनं दुकान व्हतं," शेठजी म्हणाले. "हाऊ शिक्का मना बापना हातना शे. बठ्ठं गयं. हाऊ एकच ऱ्हायना."

मग साडू एकदम म्हणाले, मोठ्याने बोलायचं विसरून, "शिक्का मारताना ते जीभ दातांत धरायचे."

शेठजींनी यंत्र चाचपडत कानाला लावलं. "काय म्हटलं?"

"जीभ. अशी." साडूंनी करून दाखवलं. "मी पाकीट घाईने ओढलं तर म्हणाले, शाई वाळू द्या जावईबापू. मी नव्या शर्टात होतो ना, त्यांनी ओळखलं असावं, मी कशाला आलोय ते."

शेठजी किती वेळ हसत होते! हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. इकडे अक्का नवऱ्याकडे बघत होत्या. "म्हणजे मांडीवर ते होतं?" त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं, तुम्ही डिग्री फ्रेम करून आणलीय! आत्या आत येऊन म्हणाली, मुलगा गर्विष्ठ आहे पण शिकलेला आहे. हो म्हणून टाका."

"मी डिप्लोमावाला आहे," साडू म्हणाले.

"ते लग्नानंतर कळलं."

शेठजींनी तबकडी साडूंच्या हातात दिली. "तुम्ही न्या. माझ्या बापाला बघितलेला माणूस आला, मला पुष्कळ झालं." साडूंनी ती घेतली, उलटीसुलटी केली. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. हातात आलेली तबकडी त्यांनी आपणहून सोडल्याचं मला आठवत नाही. त्यांनी ती शेठजींच्या गादीवर ठेवली. "पाकीट इथलंच आहे," ते म्हणाले, "आणि पाकिटाशिवाय तबकडी मी ठेवत नाही. फक्त एकदा वाजवू."

प्लेअर लावला. सनई सुरू झाली, थोडी थरथरत. अक्का पदर सावरून साडूंच्या शेजारी बसल्या, बघायच्या कार्यक्रमात बसतात तितकं अंतर ठेवून. शेठजींनी डोळे मिटून तळहात प्लेअरच्या पेटीवर ठेवला होता. पहिली बाजू संपल्यावर साडूंनी त्यांच्या खांद्याला हात लावला. साडू उठायच्या आत शेठजींनीच सुई उचलली, दोन्ही तळव्यांत कडा धरून तबकडी अलगद उलटली, फुंकर मारली आणि पुन्हा लावली. हाताला जराही कंप नव्हता.

परतताना अक्का पुढे बसल्या, साडू मागे. पारोळ्याच्या अलीकडे त्या हळूच म्हणाल्या, "त्यांना यंत्र लावूनही सनई काही ऐकू येत नव्हती हो. सनई थांबली, तरी त्यांची मान हलतच होती. मग तुम्ही दोन्ही बाजू का लावू दिल्यात?"

साडूंनी मांडीवरच्या प्लेअरचं झाकण नीट बसवलं.

"बापाचं दुकान पुन्हा उघडलं होतं त्यांनी," साडू म्हणाले. "गिऱ्हाइकाने मध्येच कसं उठायचं?"