पेटी, हलगी आणि पिराजीतात्या

शाळांतून फिरणाऱ्या माणसाकडं किस्से कसे साठतात, तर कपड्यांवर खडूची धूळ साठते तसे. झटकले तरी चार राहतातच!

मी नववीत शाळा सोडली आणि सांगलीला हळदीच्या बाजारात पोती उचलायला लागलो. तिथून सुमनबाईंनी मला उचललं, कारण मला हलगी येत होती. बाई शाळाशाळांत मानवी हक्क शिकवायच्या, रशीदभाई पेटीवर गाणी म्हणायचे. बाईंच्या संस्थेनं आधीच बजावलं होतं, एका गावाची जरी तक्रार आली तरी काम बंद! म्हणजे मी परत पोत्यांखाली.

*

कवठे महांकाळच्या शाळेत बाईंनी विचारलं, "धर्मस्वातंत्र्य म्हणजे काय?"

मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सगळ्यांच्या सणाला सगळ्यांना सुट्टी!"

बाई म्हणाल्या, "व्याख्या चुकलीय, पण मत माझं तुलाच!"

*

साताऱ्यात बाईंनी मला दोन वाक्यं बोलायला उभं केलं. मी "नमस्कार" म्हणालो. पुढचं काही आठवेना. मी सरळ हलगीच वाजवायला लागलो.

बाई पोरांना म्हणाल्या, "बघा, गप्प बसायचाही हक्क असतो. दत्ता तो रोज बजावतो!"

*

माण तालुक्यातल्या एका शाळेत एक मुलगी उठली. "बाई, धर्म बदलता येतो, तर घरच्यांनी ठरवलेला नवरा बी बदलता येतो का?"

"तो तर आधी!" बाई म्हणाल्या. हेडमास्तरांना चहाचा ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी तिची आजी शाळेत हजर! आता तक्रार होणार म्हणून मी हलगी पिशवीत भरली. आजी म्हणाली, "आवं बाई, नवरा कुठं बदलून मिळतुया? माझा लय जुना झालाय!"

*

त्याच भागात पुढच्या गावी मात्र खरंच अडलं. मुंबईत दंगल होऊन गेलेली, तिथं कामाला असलेली माणसं घाबरून गावी परतलेली. वर्ग चालू असताना दारात पिराजीतात्या उभे राहिले. कपाळभर भंडारा, हातात काठी. त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे.

"ह्यो पेटीवाला कोन?"

"मी रशीद, तात्या. मिरजेचा."

"मुसलमान? आमच्या पोरास्नी तुमचा धरम शिकवताय व्हय? बंद करा! उद्याच तक्रार करतो."

रशीदभाईंनी पेटीचा भाता मिटला. बाईंनी खडू खाली ठेवला. माझ्या तोंडून मात्र, कसं कोण जाणे, निघून गेलं, "तात्या, तुमचं नाव पिराजी कुणी ठेवलं?"

"आईनं."

"का वो?"

तात्या काठीकडं बघत म्हणाले, "तिची पोरं जगत न्हवती. दर्ग्यात जाऊन पिराला नवस बोलली... तवा मी."

तात्यांनी काठी भिंतीला टेकवली, पटका सारखा केला आणि पहिल्या रांगेत पोरांच्यात मांडी घालून बसले.

"वाजीव गड्या," ते रशीदभाईंना म्हणाले, "जरा मोठ्यानं. मला कमी ऐकू येतंय!"