दुपारच्या फळ्यांना फोड

"टरफल ओलं होतं, आक्का!"

"वाळलेलं होतं, मन्मथअण्णा! चाळीस वर्षं दालमिलात गेली माझी. मला टरफल शिकवू नका!"

सोमवारी सकाळी लातूरच्या आमच्या कारखान्यात हे भांडण ऐन रंगात आलेलं. मन्मथअण्णा मालक. त्यांच्या हातात फोड आलेली फळी, माझ्या हातात सूप. ते कसं मिटलं ते सांगते, पण आधी बाकीचं. इथले किस्से टरफलासारखेच साचतात. एक पोतं उपसावं तर मागं दोन उभी!

आम्ही दालमिलातलं तुरीचं टरफल आणतो, वाळवतो, दळतो, प्लास्टिकच्या दाण्यांत मिसळून वितळवतो अन् बाकांच्या फळ्या काढतो. ओल राहिली तर आत वाफ होते, फळीला फोड येतात. वाळवण माझ्याकडं. म्हणजे अब्रू माझी!

* * *

पहिल्या दिवशी मशीन तापलं अन् तूर भाजल्याचा असा खमंग वास सुटला की मशीनवाले जब्बारभाई अकरालाच डबा उघडून बसले.

अण्णा ओरडले, "ही काय जेवायची वेळ हाय का?"

"मालक, तुम वास बंद करो, मैं मुंह बंद करतूं!"

तेव्हापासून अख्खा कारखाना अकराला जेवतो. अण्णासुद्धा!

* * *

एकदा शेजारचा गवळी भांडायला आला. "आमच्या म्हशीचा घास तुम्ही प्लास्टिकात घालून राहिले!"

मी म्हटलं, "आण तुझी म्हैस. तिनं फळी खाल्ली तर पोतं फुकट!"

अन् पठ्ठ्यानं खरंच आणली! म्हशीनं फळी हुंगली, चाटली, अन् जागची हलेना. शेवटी लई वेळानं मी निकाल दिला, "चाटणं म्हणजे खाणं न्हाई."

तरी पोतं दिलंच. म्हशीच्या तोंडाकडं बघून. त्याच्या न्हाई!

* * *

मग वैष्णवी आली. कंधारची पोरगी, इंजिनिअर, पहिलीच नोकरी. आल्या आल्या विचारते, "आक्का, ओलावा किती टक्के?"

"मूठभर घे, कानाशी धरून चोळ. कुरकुरलं तर वाळलं."

दुसरी कुणी हसली असती. हिनं डोळे मिटून ऐकलं, मग आपलं मीटर लावलं. दोघांचं जुळलं!

"तुझं मीटर पास झालं," मी म्हटलं. ती इतकी हसली की खोकल्याची उबळच आली. टरफलाचा धुरळा तिला सोसायचा नाही. मास्क लावूनही खोकायची, पण चक्कीपासून हलायची नाही.

रोज सकाळी आधी कान, मग मीटर, मग दळण, असा नेमच पडला. मी शाळा पाहिलेली नाही. पोत्यांवरचे छापे वाचत अक्षरं शिकले. म्हणून तिच्या वहीत 'कान चाचणी: आक्का' असं लिहिलेलं मला वाचता आलं. दोनदा वाचलं.

* * *

तर ते सोमवारचं भांडण. शाळेच्या बाकांची ऑर्डर अन् तिसऱ्यांदा फोड. माझ्यापुढं अण्णांचं काही चालेना, तसे ते वैष्णवीकडं वळले.

"टरफल वाळलेलं, मशीन चांगलं. मग चूक तुझ्याच सेटिंगची. उद्यापासून येऊ नकोस, पोरी."

जब्बारभाई मध्येच बोलले, "मालक, सुबह का माल बराबर आता. दोपहर के माल कोइच फोड आता."

वैष्णवीची नजर चक्कीजवळच्या माझ्या पाण्याच्या बादलीवर गेली. मग माझ्याकडं. पोरगी हुशार; तिला कळलं. त्याच घडीला मलाही.

तिनं मान खाली घातली अन् म्हणाली, "हो सर. माझंच सेटिंग चुकलं." अन् खुर्चीवरची पर्स उचलली.

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"बस खाली, पोरी. चूक माझी हाय, अण्णा. अकराची जेवणं झाली की धुरळा बसावा म्हणून दळलेल्या ढिगावर पाणी मीच शिंपडत होते, पोरगी खोकून राहिली होती."