इदालिनाची मतपेटी

माझी नणंद इदालिना कामावरून आली की बूट काढायची नाही. कोटासकट स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहायची, आणि मी सूप गरम करायला लागले की म्हणायची, "थांब ग ओदेत. आधी नुसतं बसू दे. वाकून नाडी सोडायलासुद्धा ताकद लागते."

नदीकाठच्या लोकरीच्या गिरणीत ती पोरसवदा असताना लागली ती गिरणीला कुलूप लागेपर्यंत. त्यानंतर पन्नाशीच्या बाईला कोण काम देणार? तिला सर्व्हेचं काम मिळालं. दारोदार जायचं आणि लोकांना विचारायचं, कुठलं दही खाता, कुठल्या पावडरीनं कपडे धुता. निवडणूक आली की राष्ट्राध्यक्ष कोण हवा ते विचारायचं. ती म्हणायची, "दही असो की राष्ट्राध्यक्ष, दार तोंडावर लावणारा माणूस तोच असतो."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हापासून गाडी मी चालवायला लागले. शाळेच्या भटारखान्यातून मी निवृत्त झाले होते, नवरा लक्झेंबर्गला बांधकामावर. घरात बसून तरी काय करणार होते?

त्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. उमेदवार इतके की कागदावर त्यांचे फोटो टपालाच्या तिकिटाएवढे झालेले. इदालिनाच्या कंपनीची पद्धत अशी, की तोंडी विचारायचं नाही. माणूस लाजतो, नाहीतर खोटं बोलतो. म्हणून खऱ्या मतपत्रिकेसारखाच कागद द्यायचा, आपण पाठ फिरवायची, आणि त्यानं फुली मारून, घडी घालून तो कागद पेटीत टाकायचा. ती पेटी इदालिना पट्ट्यानं खांद्यावर अडकवून फिरायची. रिकामी असली तरी जड होती. पट्ट्याचा वळ तिच्या खांद्यावर कायमचा उमटला होता.

पहिल्या फेरीच्या आधीच्या आठवड्यात आम्हाला वाले दा कोर्सा हे गाव आलं. गाव म्हणजे डोंगराच्या कुशीतली काही घरं, त्यांतली निम्मी बंद. आमच्या गुआर्दा शहरातून निघालो तेव्हाच धुकं होतं. वर गेलो तर झाडाच्या फांदीफांदीवर बर्फाची सुई. इदालिना गाडीतून उतरली, पेटी खांद्यावर घेतली आणि चर्चपासून घरं धरायला लागली.

पहिलं दार अडेलिनोचं. म्हातारा विधुर. पेटी बघून हसला.

"बायकोला चाळीस वर्षांत सांगितलं नाही मी कुणाला मत देतो ते. तुम्हाला सांगू?"

"सांगू नका. मी बघणारच नाहीये. टाका आणि मला सोडा," इदालिना म्हणाली.

"एवढं वैतागून विचारलं तर कोण नाही म्हणेल!" म्हणत त्यानं भिंतीला कागद लावून फुली मारली.

पुढची दोन दारं उघडलीच नाहीत. एका घरात नवराबायकोत जुंपली. नियमाप्रमाणे घरात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्यालाच विचारायचं, आणि तो निघाला नवऱ्याचा. बायको फणकारली, "याला काय कळतंय? हा बातम्या लागल्या की घोरतो!" इदालिना दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि त्यांचं भांडण संपायची वाट बघत राहिली.

शेवटी झुल्मिरा आजीचं घर. पंच्याऐंशी उलटलेली, एकटी. पेटी बघताच तिनं आम्हाला आत घेतलं, चुलीपाशी बसवलं आणि स्वतः आत गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर चांगली काळी शाल होती आणि हात धुतलेले. चष्मा पुसून एकेक फोटो बघायला तिनं इतका वेळ लावला की इदालिनाचे डोळे मिटायला लागले. मग तिनं फुली मारली, कागदाची चार वेळा घडी घातली, तो पेटीत टाकला आणि पेटीवर एकदा हात ठेवला.

"झालं ना बाई?"

"झालं, आजी," इदालिना म्हणाली.

आजीनं आम्हाला एक अख्खं सॉसेज बांधून दिलं. गाडीत बसल्यावर इदालिना म्हणाली, "चल लवकर. गुडघा ठणकतोय."

शनिवारी बाजारात अडेलिनो भेटला. अंडी विकायला आला होता. इदालिनाला बघून टोपी काढली आणि म्हणाला, "तुमच्यामुळे झुल्मिराकाकूचा त्रास वाचला हो. उद्या मतदानाला खाली यायला नको म्हणे. सांगत होती, नगरपालिकेची बाई येऊन मत घेऊन गेली, साथीच्या वर्षी नेलं होतं तसंच."

इदालिनाच्या हातातली कोबी तशीच राहिली.

"ते खरं मत नव्हतं, हे तुम्ही तिला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. मला म्हणाली, तू लहानपणापासून थापाड्या."

साथीच्या वर्षी आजी घरात कोंडून होती तेव्हा नगरपालिकेचे दोघं खरंच येऊन तिचं मत पाकिटात बंद करून घेऊन गेले होते. म्हणजे म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. दारात पेटी घेऊन आलेली बाई, खऱ्यासारखा कागद, आणि वर "झालं, आजी."

इदालिनानं तिथूनच लिस्बनला नुनोला फोन लावला. नुनो तिचा साहेब, तिच्या पोराच्या वयाचा. त्याचाही आवाज दमलेला होता.

"इदालिनाबाई, आपण लोकांना फक्त विचारतो. मत द्यायला पाठवणं आपलं काम नाही. परत त्या दारात जाऊ नका, नियमात बसत नाही."

"तिला वाटतंय तिनं मत दिलंय."

"मला कळतंय हो. पण आज आकडे द्यायचेत, मी काय करू?"

तिनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "उद्या सुट्टी आहे माझी. मी झोपणार आहे."

रविवारी सकाळी मी दार उघडलं तर ती कोट घालून पायरीवर उभी. "चल," एवढंच म्हणाली.

झुल्मिरा आजीनं आम्हाला आत घेतलं नाही. दारातच उभी राहून सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "दोनदा मत द्यायला सांगतेस मला? हा गुन्हा असतो."

"आजी, ते मत नव्हतं. तो सर्व्हे होता. लोकांचा कल कुठं आहे ते बघायचं असतं, आधीच."

"आधी कशाला बघायचं? रविवारी कळणारच असतं ना?"

इदालिना कोटावरूनच पट्ट्याचा खांदा चोळायला लागली.

"मग ती पेटी कसली होती? नाटकातली?" आजीचा आवाज चढला. "मी हात धुतले होते! हुकूमशहा गेला तेव्हा मी चौतीस वर्षांची होते बाई. तोवर आमच्यासारख्या अडाणी बायकांना मत नव्हतंच. पहिल्या मताला मी पहाटे कडेवर पोर घेऊन रांगेत उभी राहिले, पाऊस पडत होता. तेव्हापासून एकदाही चुकवलं नाही. आणि तू येतेस, माझं मत घेऊन जातेस आणि म्हणतेस खोटं होतं!"

मला वाटलं इदालिना आता समजावणार, हात जोडणार. ती तिथंच पायरीवर बसली. गार दगडावर, गुडघा धरून.

"तुम्ही विचारलंत झालं का, आणि मी झालं म्हणाले," ती म्हणाली. "दिवसभर दारं वाजवली की माणूस समोरच्याचं ऐकत नाही, आजी. मी ऐकलं नाही. तुम्ही नका येऊ हवं तर. पण इथं न येता मला झोप लागली नसती, आणि मला झोपेची फार गरज आहे."

आजीनं तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ऊठ तिथून. मूळव्याध होईल." आणि शाल आणायला आत गेली.

मतदान खालच्या गावातल्या जुन्या शाळेत होतं. आजी माझ्या शेजारी बसली, मागं इदालिना. शाळेत टेबलापाशी पोचल्यावर आजीनं ओळखपत्र दिलं नाही, आधी कागद हाताळणाऱ्या तरुणाला विचारलं, "माझं मत आधीच आलंय का बघ. खरं सांग, मी कुणाला सांगणार नाही."

तो हसला. "नाही हो आजी, तुमचीच वाट बघत होतो."

तेव्हा तिनं वळून इदालिनाकडे पाहिलं. रागानं नाही. आपण बाजारात फसलो आणि फसवणारा आपल्यासारखाच दरिद्री निघाला, की माणूस बघतो तसं. मग पडद्याआड गेली आणि तिथंही तिनं भरपूर वेळ घेतला.

तिला घरी सोडून आम्ही गुआर्दाला पोचलो तेव्हा केंद्रं बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. इदालिनाचं स्वतःचं मत राहिलं होतं. मी बाहेर थांबले. ती इतका वेळ आत होती की मला काळजी वाटली.

"काय ग, कोण सापडेना का?" मी विचारलं.

"महिनाभर साऱ्या जिल्ह्याला विचारत फिरले," ती म्हणाली, "आणि आत गेल्यावर कळलं, मी ठरवलंच नव्हतं. मला कुणी विचारलंच नाही ना."

"मग कुणाला दिलंस?"

"गाडी चालव."

रात्री निकाल आले. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत. पहिल्या दोघांत दुसरी फेरी होणार. टीव्हीवर बोलणारे खुशीत होते. इदालिनानं डोळ्यांवर हात घेतला. "अजून तीन आठवडे," ती म्हणाली.

सकाळी नुनोचा फोन आला. दुसऱ्या फेरीचा सर्व्हे, गावं तीच. आता कागदावर दोनच फोटो होते, मोठे, ओळखू येतील असे. आणि इदालिनानं एक बदल केला. दार उघडलं की ती पहिलं वाक्य म्हणायची, "हे खरं मत नाही. खरं मत रविवारी द्यायचंय." नियमात हे वाक्य नव्हतं. लोक ऐकायचे आणि बरेच जण म्हणायचे, "मग कशाला आमचा वेळ खाता?" आणि दार लावायचे. आधी जेवढी घरं दुपारपर्यंत व्हायची, तेवढी आता अंधार पडेपर्यंत होईनात. नुनोनं फोन करून विचारलं की या भागात नकार इतके का वाढलेत. ती म्हणाली, "थंडी आहे."

झुल्मिरा आजीनं या वेळी आम्हाला आत घेतलं, कॉफी दिली, चीज कापलं. इदालिनानं कागद पुढं केला तसा तिनं तो बोटानं परत सरकवला.

"हे खोटं ना?"

"खोटं."

"मग मी कशाला मारू फुली? माझं ठरलंय ते पोटात आहे. रविवारी अडेलिनोबरोबर जाईन, त्यानं पुतण्याची गाडी सांगितलीये. तू येऊ नकोस. तू घरी झोप."

इदालिनानं नकार लिहून घेतला. खरं तर तिला त्या गावातून एक कागद कमी पडत होता, आणि तो कुठूनतरी भरून काढायला आणखी वरच्या वस्तीत चढावं लागणार होतं. तरी ती कॉफी संपेपर्यंत उठली नाही. बाहेर आलो, तिनं पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि आम्ही वर निघालो.

दुसऱ्या फेरीच्या रात्री मी तिच्याकडे होते. निकाल सर्व्हेच्या अंदाजाच्या अगदी जवळ आला. टीव्हीवरचा माणूस म्हणत होता की आकड्यांनी या वेळी लोकांची नाडी नेमकी पकडली. मी वळून तिला म्हणाले, "ऐकलंस का?"

ती सोफ्यावर झोपली होती, तोंड उघडं टाकून. मी आवाज कमी केला, तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट शेकोटीपाशी वाळत ठेवले.