डेमेट्रिओस फालेरॉनकर

झिंडेलफिंगेनला आल्यावर पहिली चार वर्षं मी घर, मुलगी आणि जर्मनचे क्लास यांपलीकडे काही केलं नाही. नवरा तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याला सकाळी दारापर्यंत पोचवायचं आणि मग दिवसभर स्वतःशीच मराठीत भांडायचं, असा माझा दिनक्रम होता. पुण्यात मी ग्रंथालयशास्त्र शिकले होते, एका कॉलेजच्या लायब्ररीत दोन वर्षं काम केलं होतं. म्हणून शेजारच्या गावातल्या छोट्या लायब्ररीत सहा महिन्यांचं अर्धवेळ काम निघालं, तेव्हा मी अर्ज केला तो जवळजवळ धावतच.

काम साधं होतं. ग्रीक आणि लॅटिन शिकवणाऱ्या एका मास्तरांनी फार वर्षांपूर्वी मरताना आपली सगळी पुस्तकं लायब्ररीला दिली होती. त्यांची कार्डं लाकडी खणांत होती, ती तपासून कॉम्प्युटरवर चढवायची. काम चांगलं झालं तर मला कायम करायचा विचार होता. लायब्ररीच्या प्रमुख बाई साठीकडे झुकलेल्या, बोलायला कमी आणि चुका काढायला पटाईत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "एका माणसाची एकच नोंद हवी. दोन माणसं एका नोंदीत आलेली मला चालत नाहीत."

'डे'च्या खणापर्यंत सगळं सुरळीत चाललं. तिथे मात्र डेमेट्रिओस नावाच्या माणसांनी नुसता उच्छाद मांडला होता. वेगवेगळ्या काळातल्या टायपिस्टांनी सगळ्यांना एका माळेत ओवलं होतं. एका कार्डावर हा गृहस्थ तत्त्वज्ञ होता, त्याने दहा वर्षं अथेन्सचा कारभार पाहिला आणि मग डेमेट्रिओसने अथेन्स घेतल्यावर डेमेट्रिओस पळून गेला. मी दोनदा वाचलं. हा माणूस स्वतःलाच घाबरून पळाला की काय?

मग मला नादच लागला. घरी मुलीला वरण-भात भरवतानाही डोक्यात डेमेट्रिओस असायचे. पळालेला वेगळा आणि त्याला पळवणारा वेगळा, हे कळायला मला आठवडा लागला. पळवणारा राजा होता आणि त्याचं बिरुद होतं 'शहरांना वेढा घालणारा'. पुढे रोड्स बेटाला त्याने वर्षभर वेढा घातला आणि हात हलवत परत गेला. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा! त्याच्या बापाचं नाव अँटिगोनोस, मुलाचं अँटिगोनोस आणि नातवाचं परत डेमेट्रिओस, तोही राजाच. सीरियात याच नावाचे आणखी तीन राजे निघाले. एक रोममध्ये राहणारा, कुणाची भीडभाड न ठेवणारा फटकळ तत्त्वज्ञ निघाला. एक तर थेट आपल्या वायव्य सरहद्दीपर्यंत आलेला. नाण्यावर त्याने डोक्याला हत्तीचं मुंडकं घातलंय. आपल्या बाजूचा माणूस भेटावा तसा मला त्याला बघून आनंद झाला.

पळालेला तत्त्वज्ञ मात्र माझा सगळ्यात लाडका. तो पुढे इजिप्तला गेला आणि तिथल्या त्या प्रसिद्ध ग्रंथालयाच्या उभारणीत त्याचा हात होता म्हणतात. परदेशात जाऊन लायब्ररीत काम मिळवणारा माणूस! त्याचं पूर्ण नाव शोधलं, तर स्वतःचं नाव, मग बापाचं फानोस्त्राटोस, मग गाव फालेरॉन. मी वहीत लिहिलं, 'डेमेट्रिओस फानोस्त्राटोस फालेरॉनकर'. आणि एकटीच हसत बसले, कारण कुलूप उघडलं होतं.

तीन आठवड्यांत मी सगळे सुटे करून दिले. प्रमुख बाईंनी कार्डं उलटसुलट पाहिली, चूक सापडली नाही.

"हे जमलं कसं तुम्हाला?"

"आमच्याकडे अशीच नावं असतात," मी म्हटलं. "आपलं नाव, बापाचं नाव, आडनावात गाव. नाव सारखं असलं तर बाप बघायचा. बापही सारखा असला तर गाव बघायचं. तिन्ही जुळली तर माणूस एक."

"गेनाऊ," त्या म्हणाल्या. बरोबर. त्यांच्याकडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे सोहळाच होता. मग त्यांनी सांगितलं की मला कायम करायचं ठरतंय, पदवीचं प्रमाणपत्र घेऊन या.

दुसऱ्या दिवशी मी ते ऐटीत टेबलावर ठेवलं. बाईंनी शेजारी माझा पासपोर्ट ठेवला. बराच वेळ त्या आलटून पालटून बघत राहिल्या.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', त्या म्हणाल्या, "नाव वेगळं आहे. बापाचं नाव वेगळं आहे. गाव वेगळं आहे. तुमच्याच नियमाने या दोन बायका आहेत."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच कळत नव्हतं. मी सांगायला लागले. लग्नात आडनाव बदललं, मधलं नाव नवऱ्याचं आलं. "आणि पहिलं?" तेही बदललं. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. सासूबाईंनी निवडलं होतं.

"तुम्हाला विचारून?"

जर्मन क्रियापद सापडत नाही असं मी दाखवलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. नवं नाव उलट जरा फॅशनेबल वाटलं होतं. पण बाईंनी तो कागद माझ्याकडे परत सरकवला तेव्हा मला भयंकर राग आला, आणि तो त्यांचा नव्हता. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या पळपुट्याचा बाप आणि गाव मी शोधून काढलं होतं आणि माझी मीच मला सिद्ध करता येत नव्हती. दोन्ही नावं असलेला सरकारी कागद शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर पदवी धरता येणार नाही आणि पदवीशिवाय जागा नाही, असं त्या म्हणाल्या.

माझं जुनं नाव ऐकून कितीतरी वर्षं झाली होती. माहेरी मी थोरली, त्यामुळे आईसकट सगळ्यांची ताईच. ते नाव होतं शाळेच्या हजेरीत आणि कॉलेजच्या मैत्रिणींच्या तोंडी, आणि त्या मैत्रिणीही आता पांगल्या होत्या. नवं नाव तरी कोण घेत होतं? नवरा म्हणतो 'अगं'. तांदळात लिहिलं तेवढंच.

घरी आल्यावर मी हे त्याला जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

"अगं, एवढं काय त्यात, तुझ्या व्हिसाला लग्नाचा दाखला लावला होता ना आपण," तो म्हणाला आणि कपाटातून जाडजूड फाइल काढून टेबलाशी बसला. समोर आमची आठ वर्षांची लेक गृहपाठ करत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. पानं उलटता उलटता तो थांबला. "हे बघ, आहेत की दोन्ही. लग्नानंतरचं नाव, आणि हे वधूचं लग्नापूर्वीचं पूर्ण नाव."

आणि तो ते वाचू लागला. माझं नाव, माझ्या बाबांचं नाव, आमचं आडनाव. अडखळत वाचलं त्याने, परक्या बाईचं वाचावं तसं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला एकदम रडूच कोसळलं. पोळीचं पीठ लागलेले हात घेऊन मी तशीच उभी राहिले.

लेकीने वहीतून मान वर केली.

"पापा, वेअर इस्ट दास?" कोण आहे ही?

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मी," मी म्हटलं.