आमची चिंच, तिच्या बाटलीत

मोडनिंबला माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, चहाच्या टपरीवर सावली धरणारी चिंच रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. टपरी मागं सरकवता आली, चिंच कुठली सरकतेय? आण्णा नीट जेवेनात. मी सोलापुरात टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये कामाला. आण्णा म्हणाले, "तुमी बाटलीत झाडं करता न्हवं? मग आपली चिंच करून दे की."

पडलेल्या झाडाच्या कोवळ्या फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून मी एसटीनं आणल्या. शेंड्यांचे बारीक तुकडे करून बाटल्यांत लावले. उरलेले शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दिले. माझे सगळे काळे पडले. तिच्या बाटल्यांत हिरवे कोंब आले.

सरळ सांगते, माझ्या पोटात दुखलं. ही त्या झाडाखाली कधी बसली नाही, त्याची एक चिंच चोखली नाही, आणि झाड उगवायचं ते हिच्याच हाताला! तिच्या डब्यातली शेंगाचटणी मला एरवी आवडायची. तीही नको वाटू लागली.

शेवटी विचारलंच, "तू वेगळं काय केलंस गं?"

"काही नाही. अंधाऱ्या कपाटात ठेवलं आणि विसरले. तू रोज उजेडात काढून बघायचीस. जुन्या झाडाचा तुकडा उजेडात जास्त काळवंडतो, तुला माहितीये की."

माहीत होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. तिला विसरणं जमलं, कारण चिंच तिची नव्हती.

मुळं धरलेलं एक रोप तिनं मला कुंडीत घालून दिलं. बाटलीतल्या दमट हवेतून आलेलं, म्हणून वर प्लास्टिकची पिशवी. आण्णांना बजावलं, इतक्यात पिशवी काढू नका. "व्हय, व्हय," म्हणाले, आणि वर, "तुज्या मैत्रिणीच्या हाताला लई गुण हाय." बरं वाटलं नाही.

पुढच्या सुट्टीला गेले तर रोपानं मान टाकलेली. येईल त्या गिऱ्हाइकाला आण्णा पिशवी उचलून दाखवत होते.

"आपलीच चिंच हाय. बगायची न्हाय व्हय?"

रागवणार होते, पण मीही रोज बाटल्या काढून बघितल्याच होत्या. तिला फोन लावला. अजून एखादं रोप आहे का?

"आहेत की. किती देऊ?"

किती देऊ! आमच्या चिंचेची रोपं ती आम्हालाच वाटणार होती. आतून जळत होते, तरी म्हणाले, "एकच दे. पण आत्ता नको. खोड धरेपर्यंत तुझ्याच दारात वाढव, आणि आम्हा बापलेकीला दाखवू नकोस."