तुळईचे मिस्त्री

आमच्या आमगावचे मिस्त्री कोणाच्याही घरात शिरले की आधी बोलत नसत, ठोकत. चौकट असो, पलंग असो, नाहीतर देव्हारा, बोटाची पेरं वाजवायची, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "जित्तं आहे." किंवा, "मेलं." माझ्या नव्या टेबलाचा निकाल त्यांनी माझ्या व्याह्यांसमोर लावला. "गुर्जी, साग नाही हे. कोनं फसवलं तुमाले?" व्याही पोट धरून हसले. मी आठवडाभर मिस्त्रींशी अबोला धरला.

असा माणूस मुलाकडे कॅनडात जाऊन गप्प बसेल का, तुम्हीच सांगा! मुलगा दिवसभर ट्रकवर, सून नोकरीला. चहूकडे गव्हाचं रान, आणि त्या रानात एक लाकडी चर्च, डोक्यावर कांद्यासारखा घुमट. युक्रेनहून आलेल्या शेतकऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या हातांनी बांधलेलं. आता तिथे येणारी नऊ म्हातारी माणसं उरली होती. फरशी खचली म्हणून चर्च पाडायचं ठरत होतं.

मिस्त्रींनी अर्थातच भिंत ठोकली. मग सत्तरीचा हा गडी सरपटत थेट फरशीखाली शिरला. तिथल्या म्हाताऱ्या घाबरल्या. पोलिसांना बोलवावं की पाद्र्याला, यावर त्यांचं एकमत होईना. तासाभराने मिस्त्री मातीने माखून बाहेर आले आणि त्यांनी मुलाला फोन लावला.

"सांग त्याइले, एकच तुळई मेली. बाकी सारं जित्तं आहे. एकीसाठी साऱ्या चर्चले काऊन मारून राहिले?"

इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तरी तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला हाताशी धरून त्यांनी महिनाभरात तुळई बदलली. गावी परत आल्यावर मिस्त्री मला, चर्च बांधणाऱ्यांनी बिनखिळ्याचे सांधे कसे बसवले होते ते बोटांत बोटं अडकवून दाखवत, आणि दाखवताना त्यांचे डोळे भरून येत. मी ते इतक्यांदा ऐकलं की कंटाळलो, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी मिस्त्री तापाने गेले. आता ते टेबल पुसतानाही मला त्यांची आठवण येते, आणि स्वतःच्या अबोल्याची लाज वाटते.

यंदा त्यांच्या मुलाने कॅनडाहून व्हिडिओ पाठवला. मिस्त्रींच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, फोनमधलं काही कळत नाही, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. चर्च उभं होतं. सणाच्या दिवशी तिथे चर्च बांधणाऱ्या दिवंगतांची नावं मोठ्याने वाचतात. सगळी युक्रेनी नावं झाली आणि शेवटी पाद्र्याने अडखळत आमच्या मिस्त्रींचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट.

काकूंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "गुर्जी, आणखी लावा," म्हणाल्या.

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा पाद्र्याच्या पाठोपाठ त्यांनीही ते नाव घेतलं, न अडखळता.