कॅमेऱ्यामागची भिंत

सेटवर तिला सगळे ‘सीसीटीव्ही’ म्हणत, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. कामच तसं होतं. मालिकेतली सून सोमवारी बाहेरून दार ढकलते आणि तिचं पाऊल घरात पडतं ते थेट गुरुवारी, कारण दाराचं चित्रीकरण एका दिवशी आणि खोलीचं दुसऱ्या. मधल्या काळात सुनेची बट कानामागे होती की पुढे, पिशवी कुठल्या हातात होती, टेबलावरच्या पेल्यात पाणी किती होतं, हे सांभाळायचं हिने. चुकलं तर घरोघरचे रिकामटेकडे प्रेक्षक मालिकेला नावं ठेवणार आणि दिग्दर्शक हिला. म्हणून डोळ्यांत तेल घालून ती कॅमेऱ्याशेजारी उभी राही आणि प्रत्येक शॉटच्या आधी-नंतर मोबाइलवर फोटो काढी. नट मंडळी स्वतःचे संवाद विसरत, पण कुणाचं घड्याळ कुठल्या मनगटावर होतं ते ही कधी विसरली नाही.

आई गेली त्याच आठवड्यात ती कामावर हजर झाली. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर-बिर काही नव्हता, तिला काही वाटतच नव्हतं. दाढ काढण्याआधी सुई टोचली की गाल आपला राहत नाही, तसं आतून झालं होतं. भूक लागली की ती जेवे, कुणी विनोद केला की हसे. रडू येत नाही याचंही तिला वाईट वाटत नव्हतं.

घरी आता ती आणि बाबा, दोघंच. आईची खोली बाबांनी होती तशी ठेवली होती. शेवटचं वर्षभर आई अंथरुणाला खिळून होती आणि पडल्या पडल्या बाबांकडून तिने खोली मनासारखी लावून घेतली होती. बाबा सकाळी तिथे जाऊन खिडकी उघडत, संध्याकाळी लावून घेत. बाकी कशाला हात लावत नसत.

मालिकेत एक आजारी आत्या नव्याने यायची होती. तिच्यासाठी ठरवलेल्या बंगल्याच्या मालकाने ऐनवेळी हात वर केले. प्रॉडक्शन मॅनेजर डोक्याला हात लावून बसला. “कुणाच्या घरी आजारी माणसाची खोली आहे का हो?” त्याने विचारलं, कुणाकडे शिडी आहे का, अशा सुरात.

“आमच्याकडे आहे,” ती म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बोललेलं मागे घ्यावं, इतकंही काही आत हललं नाही.

बाबांनी ऐकून आधी आईच्या खोलीकडे पाहिलं.

“तिच्या वस्तू हलवतील?”

“हलवतील. पण मी सगळं जसंच्या तसं लावून देईन. तेच तर काम आहे माझं.”

“तिने सांगून सांगून लावून घेतलंय गं. आता तेवढंच उरलंय तिचं.”

“बाबा, मी आहे ना.”

“तू आहेस म्हणूनच हो म्हणतोय.”

सामान हलायच्या आधी तिने फोटो काढून घेतले. पलंग, उशा, औषधांचं टेबल, खिडकीचा पडदा. मग वायरी आल्या, दिवे आले, आणि घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. दिग्दर्शक बाहेरच्या खोलीत मॉनिटरसमोर बसून उंटावरून शेळ्या हाकू लागला. आईच्या पलंगावर एक अनोळखी बाई झोपली आणि खोकू लागली. खोकली छान. ही कॅमेऱ्याशेजारून बघत होती, आणि तिला दिसलं ते एवढंच, की मघाशी पांघरुणाची घडी छातीपर्यंत होती आणि आता पोटावर आली आहे. तिने पुढे होऊन घडी नीट केली.

काम आटोपलं. सेटची मांडामांड करणारा आर्टवाला भला माणूस. जाताना घर झाडून, पुसून देऊन गेला. तिने फोटो समोर धरून खोली लावली. उशीचा खळगासुद्धा जिथे होता तिथे आला. मग बाबांना हाक मारली.

बाबांनी पलंग बघितला, टेबल बघितलं. “अगदी तसंच,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी बरं वाटल्यासारखं काहीतरी आलं. मग ते जायला वळले आणि दारापाशीच थबकले.

दाराच्या बाजूची भिंत कोरी होती. दिवे उभे करायला तिथलं सगळं उतरवलं होतं, आणि आर्टवाल्याने भलेपणाने खिळे उपटून भोकंही बुजवून दिली होती. वस्तू एका खोक्यात व्यवस्थित भरलेल्या होत्या. मासिकातून कापलेलं तळ्याचं चित्र, आईच्या शाळेचा फोटो, भाचीने रंगवलेला घोडा, लहान-मोठ्या चौकटी, असं बरंच काही.

तिने मोबाइल काढला. त्या भिंतीचा एकही फोटो नव्हता. तिच्या धंद्यात खोलीला तीनच भिंती असतात; चौथीकडे कॅमेऱ्याची पाठ असते, आणि जे कॅमेऱ्याला दिसत नाही ते सांभाळायचं नसतं. फोटोचं सोडा, आठवेना. वर्षभर ती कामावरून येऊन याच दारात उभी राहायची, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का विचारायची आणि कपडे बदलायला जायची. ही भिंत तिच्याही पाठीशीच होती.

“तुम्हीच लावलंय ना सगळं?” तिने विचारलं. “तुम्हाला आठवत असेल.”

“मी खिळे ठोकायचो नुसते. भिंतीला नाक लावून. ती तिथून सांगायची, वर, अजून वर, आता बस.” बाबांनी खोक्यातून तळ्याचं चित्र उचललं आणि भिंतीला टेकवलं. “तू तिच्या जागी झोप. तिथून कळेल तुला.”

ती पलंगावर आडवी झाली. उशीचा खळगा मोडला. समोर कोरी भिंत, तिच्यापुढे पाठमोरे बाबा, आणि त्यांच्या वर उचललेल्या हातात चित्र.

“इथे?”

“थोडं डावीकडे,” ती सवयीने म्हणाली. बाबांनी चित्र लगेच डावीकडे सरकवलं, आणि त्यांचा तो विश्वास तिला सहन होईना. आई वर्षभर काय बघत होती हे तिला माहीत नव्हतं, आणि आता कुणालाच माहीत नव्हतं.

“बाबा, मी उगाच सांगतेय. मी इथून कधी बघितलंच नाही.”

बाबांचा हात भरून आला असणार, पण त्यांनी चित्र खाली घेतलं नाही.

“मग आता बघ,” ते भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, “आणि सांग.”